दक्षिणा ते अधिछात्रवृत्ती : महाराष्ट्रातील संशोधकांची रजा, प्रवास आणि सेवालाभ यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भिवंडी-कल्याण मार्गावरील टेमघर हे नाव ठाणे जिल्ह्यात शहाड-टेमघर पाणीपुरवठा योजनेमुळे सर्वपरिचित आहे. भिवंडीच्या यंत्रमाग उद्योगाचा हा परिसर. येथील मागावर काम करणाऱ्या कामगाराची मजुरी बहुतांशी विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते. माग बंद राहिला तर मजुरी बंद, हा येथील साधा हिशेब आहे. याच परिसरातील एखादा तरुण पीएच.डी. पूर्ण करून कलिना, पवई किंवा कुलाबा येथील संस्थेत पुढील संशोधनासाठी रुजू झाला, तर त्याला दरमहा ठरावीक रक्कम मिळते. वरवर पाहता या दोघांच्या स्थितीत कोणतेही साम्य दिसत नाही. तथापि, 'आजारी पडल्यास काय?', 'मूल झाल्यास काय?', 'काम सुटल्यावर हाती काय राहील?' हे तीन प्रश्न दोघांना विचारले असता मिळणारी उत्तरे विचार करावयास लावणारी आहेत.

पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर संशोधन करणाऱ्या व्यक्तीस आपल्याकडे पोस्ट-डॉक्टरल अधिछात्र किंवा संशोधन सहयोगी असे म्हणतात. ही व्यक्ती विद्यार्थी नसते, कारण तिचे शिक्षण पूर्ण झालेले असते. ती कर्मचारीही नसते, कारण तिची नेमणूक आस्थापनेवर झालेली नसते. या मधल्या अवस्थेचा उगम कोठे आहे, तिच्यामुळे रजा, प्रवास व सेवालाभ यांबाबत संशोधकाची स्थिती कशी घडत गेली, याचा महाराष्ट्राच्या संदर्भात शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. संशोधकास मिळणारा पैसा आपल्याकडे प्रथम दान म्हणून, नंतर त्याग म्हणून आणि त्यानंतर मानधन म्हणून पाहिला गेला. वेतन म्हणून तो क्वचितच पाहिला गेला. रजेचा हक्क वेतनाबरोबर येतो, दानाबरोबर येत नाही. हे या लेखाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

१. दक्षिणा : विद्वत्तेला दिलेले दान

महाराष्ट्रातील विद्याश्रयाचा इतिहास दक्षिणेपासून सुरू करावा लागतो. सेनापती दाभाडे यांच्याकडून श्रावण महिन्यात तळेगाव येथे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १७३१ मधील डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेल्यानंतर ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली. उत्तर पेशवाईत तिला विराट स्वरूप प्राप्त झाले. दक्षिणा हे दान होते. देणाऱ्यास पुण्य व प्रतिष्ठा लाभत असे आणि घेणाऱ्याची पात्रता त्याच्या जातीवर व पठणावर ठरत असे. तिच्यात कामाचे तास नव्हते, म्हणून सुट्टीही नव्हती.

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दक्षिणा एकदम बंद न करता तिचे मर्यादित रूप चालू ठेवले. १८२१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचा खर्च याच परंपरेतून भागविला गेला. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेतील काही रक्कम मराठी ग्रंथनिर्मितीसाठी खर्च व्हावी असा अर्ज केला. त्यास पुण्यातील सनातनी मंडळींचा तीव्र विरोध झाला. जोतीराव फुले यांनी सुधारकांची बाजू घेतली. अखेर १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज फंडाची व्यवस्था अस्तित्वात आली. पुढे याच निधीतून महाविद्यालयांमध्ये 'दक्षिणा फेलो' नेमण्यास सुरुवात झाली.

दक्षिणा फेलो ही आपल्याकडील संशोधन अधिछात्राची पहिली संस्थात्मक प्रतिमा होय. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग ही एकोणिसाव्या शतकातील मोठी नावे या फेलोशिपशी निगडित आहेत. फेलोने स्वतःचा अभ्यास करावा व त्याबरोबर खालच्या वर्गांना शिकवावे, अशी अपेक्षा असे. रानडे यांना कनिष्ठ फेलो म्हणून दरमहा ६० आणि ज्येष्ठ फेलो म्हणून १२० रुपये मिळत असल्याचे त्यांच्या चरित्रांतून समजते. त्या काळाच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती.

येथे रानडे यांच्याच विद्यार्थिदशेतील एक प्रसंग महत्त्वाचा आहे. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजी राज्याशी करून इंग्रजी राज्यावर टीका केली. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना रानडे यांच्याविषयी आदर होता. तरीही त्यांनी रानडे यांची शिष्यवृत्ती सहा महिन्यांसाठी थांबविली. हा प्रसंग सामान्यतः रानडे यांच्या बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे. शिष्यवृत्ती हे केलेल्या कामाचे वेतन मानले गेले असते, तर निबंधातील मतासाठी ते रोखणे इतके सहज शक्य झाले नसते. जे कृपेने दिले जाते ते अवकृपेने काढूनही घेता येते, हे दक्षिणेच्या काळातील सूत्र फेलोशिपच्या काळातही कायम राहिले.

२. त्यागाचा आदर्श

दानाच्या जोडीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरी एक परंपरा उभी राहिली. ती होती त्यागाची. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपयांच्या अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले. आगरकर, टिळक, गोखले यांच्या पिढीने या आदर्शाला नैतिक तेज प्राप्त करून दिले. परंतु त्याच संस्थेत वेतनवाढ व बाहेरील उत्पन्न या प्रश्नांवरून मतभेद विकोपास गेले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. व्यक्तींचे स्वभाव व सामाजिक मते हीही त्या वादाची कारणे होतीच. तथापि, संसार असलेल्या माणसाने विद्यादानासाठी किती कमी घ्यावे, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

संशोधनाच्या क्षेत्रात या आदर्शाचे सर्वांत प्रखर रूप इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या जीवनात दिसते. मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करण्यासाठी त्यांनी गावोगाव भ्रमंती केली, जुन्या घराण्यांची दफ्तरे धुंडाळली. या प्रवासामागे कोणत्याही संस्थेचा प्रवासभत्ता नव्हता. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. परंतु संशोधकाने पदरमोड करावी, ही अपेक्षा समाजाच्या मनात त्यापूर्वीच रुजली होती. राजवाड्यांच्या त्यागाविषयी कृतज्ञता बाळगूनही असे म्हणावे लागते की, एका असामान्य पुरुषाचे जीवन पुढील पिढ्यांच्या सामान्य संशोधकांसाठी नियमावली होऊ शकत नाही. ज्याच्या घरी शेती, वाडा किंवा कमावता भाऊ आहे त्यालाच परवडेल असा त्याग हा ज्ञानाच्या दारावरील अदृश्य पहारेकरी ठरतो.

३. प्रवास : करार, भरपाई आणि कर्ज

हा पहारा ओलांडून संशोधन करणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्वानास प्रवास व खंडित शिक्षण यांची किती किंमत मोजावी लागली, याचे उदाहरण म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९१३ ते १९२३ या दशकाकडे पाहता येईल. बडोदा संस्थानचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. जून १९१३ मध्ये झालेल्या करारानुसार शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करणे त्यांच्यावर बंधनकारक होते. शिष्यवृत्ती उदार होती. मात्र ती मुदतीने व कराराने बांधलेली होती.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी दिली. आजच्या भाषेत ही बिनपगारी अभ्यासरजाच होती. महायुद्धाचा काळ असल्याने त्यांचे सामान ज्या जहाजाने येत होते ते टॉर्पेडोच्या हल्ल्यात बुडाले आणि ग्रंथ व टिपणे समुद्रात गेली. सामानाच्या नुकसानभरपाईपोटी थॉमस कुक कंपनीकडून मिळालेल्या सुमारे ६०० रुपयांतूनच त्यांच्या बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागला. बडोद्यात अस्पृश्यतेच्या छळामुळे राहणे अशक्य झाले. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांची भर पडली, तेव्हा लंडनचा दुसरा प्रवास शक्य झाला. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली.

एका प्रबंधामागे संस्थानिकाचे दान, बुडालेल्या पुस्तकांची भरपाई, बचत आणि मित्राचे कर्ज असे चार आधार उभे करावे लागले. बाबासाहेबांनी ते उभे केले. किती जणांना ते उभे करता आले नाहीत, याची नोंद इतिहासात राहत नाही.

४. कामगाराने मिळविलेला काळ

याच काळात मुंबईत रजेचा दुसरा इतिहास घडत होता. तो विद्यापीठात नव्हे, तर कापडगिरण्यांत घडला. मुंबई कायदे मंडळात जुलै १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विधेयकाचे समर्थन केले. १९२९ चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा हा या स्वरूपाचा भारतातील पहिला कायदा ठरला. गिरणीत काम करणारी, बहुधा निरक्षर असलेली स्त्री बाळंतपणाच्या काळात पैसे मागण्यास कायद्याने पात्र झाली. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी कोणत्या दिवसापर्यंत दिली गेली पाहिजे, हे निश्चित केले : एक हजारापेक्षा कमी कामगार असल्यास पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत, अन्यथा दहाव्या दिवसापर्यंत. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगारास पुढील वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. भविष्य निर्वाह निधी (१९५२), केंद्रीय प्रसूती लाभ कायदा (१९६१) आणि उपदान म्हणजेच ग्रॅच्युइटीचा कायदा (१९७२) यांनी ही इमारत पूर्ण केली.

हे लाभ कोणी सहज दिले नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाच्या मागण्यांत वेतनवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करणे, रजा, घरभाडे व प्रवास भत्ता यांचाही समावेश होता. येथे बदली कामगार ही संज्ञा लक्षणीय आहे. तो रोज गिरणीच्या दारात उभा राही. कायम कामगार गैरहजर असेल तरच त्यास काम मिळे. कौशल्य तेच, यंत्र तेच, फरक फक्त हजेरीपटावरील जागेचा. पोस्ट-डॉक्टरल संशोधकाच्या स्थितीचे वर्णन करण्यासाठी याहून समर्पक शब्द मराठीत शोधूनही सापडत नाही.

५. स्वातंत्र्योत्तर प्रयोगशाळा आणि मुदतीवरील विद्वान

स्वातंत्र्याच्या आगेमागे महाराष्ट्रात मोठ्या संशोधनसंस्था उभ्या राहिल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये, तर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. ४ मार्च १९५८ च्या वैज्ञानिक धोरण ठरावात शास्त्रज्ञांना चांगल्या सेवाशर्ती देण्याचा मानस व्यक्त करण्यात आला. त्याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने सायंटिस्ट्स पूल योजना सुरू केली. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन परतणाऱ्या शास्त्रज्ञास कायम नोकरी मिळेपर्यंत एखाद्या संस्थेत तात्पुरते सामावून घेणे हा तिचा हेतू होता. आजच्या पोस्ट-डॉक्टरल योजनांची ही पूर्वज म्हणता येईल. मूळ कल्पनेत ही योजना म्हणजे नोकरीच्या फलाटावरील प्रतीक्षालय होते. पुढे गाड्या कमी झाल्या आणि प्रतीक्षालयातील गर्दी वाढत गेली.

मुदतीवरील नेमणुकीची झळ नवख्यांनाच बसते असे नाही. गणितज्ञ व इतिहासकार दा. ध. कोसंबी सोळा-सतरा वर्षे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुण्याहून मुंबईस डेक्कन क्वीनने होणारा त्यांचा नित्याचा प्रवास प्रसिद्ध आहे. १९६२ मध्ये त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. भारतीय इतिहासलेखनाला नवे वळण देणाऱ्या विद्वानाची नोकरीही एका मुदतीवर अवलंबून होती. पुढे १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद स्वरूपाचे पद दिले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

६. आजची नियमावली

एकविसाव्या शतकात अधिछात्रवृत्तीच्या रकमा वाढल्या, हे मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आदेशांनुसार पीएच.डी.धारक संशोधन सहयोगीच्या पहिल्या श्रेणीचे मासिक मानधन २०१० मध्ये २२ हजार, २०१४ मध्ये ३६ हजार, २०१९ मध्ये ४७ हजार आणि २०२३ मध्ये ५८ हजार रुपये झाले. यांपैकी २०१९ व २०२३ च्या वाढीपूर्वी देशभरातील संशोधकांना निवेदने, मोर्चे व निदर्शने यांचा मार्ग अवलंबावा लागला. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो. अधिछात्राचा आकडा मात्र चार-पाच वर्षे जागेवर राहतो आणि त्याची क्रयशक्ती दरवर्षी घटते.

रकमेपेक्षा महत्त्वाची आहे ती अटींची भाषा. या आदेशांनुसार अधिछात्रास घरभाडे भत्ता मिळू शकतो, वैद्यकीय सुविधा मिळू शकते, परिषदेसाठी देशांतर्गत प्रवासाचा खर्चही मंजूर होऊ शकतो. कनिष्ठ व वरिष्ठ अधिछात्रांना नैमित्तिक रजा आहे. संशोधन सहयोगीस यजमान संस्थेच्या नियमांप्रमाणे रजा आहे. प्रसूती रजा सर्वांना आहे. परंतु महागाई भत्ता, बोनस, उपदान, रजा प्रवास सवलत आणि निवृत्तिलाभ यांस तो पात्र नाही. प्रवासाचा भेद विशेष बोलका आहे. शोधनिबंध वाचण्यासाठी जाणारा संशोधक खर्चास पात्र आहे. आईवडिलांना भेटण्यासाठी गावी जाणारा नाही. संस्था त्याच्या कामाचा प्रवास ओळखते, त्याच्या माणूसपणाचा ओळखत नाही.

'यजमान संस्थेच्या नियमांप्रमाणे' या शब्दप्रयोगातही एक अडचण दडलेली आहे. पैसा एका यंत्रणेचा, काम दुसऱ्या संस्थेत आणि रजेचा अर्ज मार्गदर्शकाच्या टेबलावर, अशी तिहेरी व्यवस्था असल्याने रजा नियमात असली तरी तिचे प्रत्यक्ष स्वरूप व्यक्तीच्या मर्जीवर राहते. स्त्री संशोधकांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनींसाठी २४० दिवसांपर्यंतच्या प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद नियमावलीत केली ती २०१६ मध्ये. म्हणजे गिरणी कामगार स्त्रीसाठी झालेल्या मुंबईच्या कायद्यानंतर ८७ वर्षांनी. पीएच.डी.नंतरची दोन-तीन वर्षे आणि मातृत्वाचे वय साधारणतः एकच असते. दोन वर्षांच्या अधिछात्रवृत्तीतून सहा महिने रजा घेतल्यावर मुदत तितकीच वाढली नाही, तर ती रजा कागदावर मिळते आणि प्रबंधाच्या, पर्यायाने पुढील नोकरीच्या, खात्यातून वजा होते.

अधिछात्रवृत्ती वेळेवर न मिळणे ही तर सार्वत्रिक तक्रार आहे. गिरणी कामगाराच्या पगाराची तारीख १९३६ मध्येच कायद्याने ठरली. अधिछात्राच्या रकमेस अशी कायदेशीर तारीख नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने ते वेतनच नाही.

७. टेमघरहून पाहताना

येथे पुन्हा टेमघर-भिवंडीकडे वळणे आवश्यक आहे. वर उल्लेखिलेले कामगार कायदे यंत्रमाग कामगारालाही लागू व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या व किमान दहा कामगार असलेल्या जागेस पूर्वी लागू होत असल्याने, एका छपराखालील माग अनेक नावांवर दाखविण्याची पद्धत रूढ झाली. हजेरीपटावर नाव नाही, म्हणून रजा नाही. मालक बदलला की मागील सेवा पुसली जाते. मागाच्या कामगारास कायदा लागू होता, परंतु तो नोंदीतून निसटला; अधिछात्राची नोंद चोख आहे, परंतु तो कायद्यातून निसटला. दोघांच्या सुखसोयींची तुलना करणे अन्यायाचे ठरेल, कारण बारा तासांच्या पाळीचे कष्ट वेगळेच आहेत. तथापि, दोघेही काम करतात आणि दोघांच्या कामाला 'नोकरी' हे नाव मिळत नाही, हे साम्य वास्तविक आहे. उत्तर प्रदेश, बिहार वा तेलंगणातून आलेला विणकर गावी जातो तेव्हा त्याची मजुरी थांबते. पहिल्या पिढीचा संशोधक घरच्या आजारपणासाठी गावी जातो तेव्हा त्याची मुदत पुढे सरकत राहते. पहिल्याचे पैसे जातात, दुसऱ्याचा काळ जातो.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतबंद नेमणुकीवरील कामगारासही त्याच्या सेवेच्या प्रमाणात उपदान देण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. म्हणजे अल्पमुदतीची सेवा ही सेवालाभ नाकारण्याचे कारण नव्हे, हे कायद्याने मान्य केले. हेच तत्त्व अधिछात्रास लावण्यात तात्त्विक अडचण दिसत नाही. अडचण आहे ती 'वृत्ती' या शब्दामागील जुन्या मनोभूमिकेची.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, महाराष्ट्रात संशोधकास पैसा देण्याची परंपरा जुनी व अभिमानास्पद आहे. परंतु तिची भाषा दानाची राहिली आणि दानात घेणाऱ्याचा हक्क निर्माण होत नाही. दुसरा, रजा, पगाराची तारीख व प्रसूती लाभ हे हक्क ज्ञानक्षेत्रातून नव्हे, तर श्रमक्षेत्रातून आले; विद्यापीठ या बाबतीत गिरणीच्या मागे राहिले. तिसरा, त्यागाचा आदर्श वंदनीय असला तरी धोरण म्हणून तो ज्यांच्या पाठीशी घरची संपत्ती आहे त्यांनाच संशोधनात टिकवून ठेवतो.

यातून काही किमान सुधारणा सुचतात. अधिछात्रवृत्ती जमा होण्याची तारीख बंधनकारक असावी. प्रसूती व दीर्घ आजाराच्या रजेइतकी मुदतवाढ आपोआप मिळावी. रजेचा निर्णय मार्गदर्शकाऐवजी संस्थेच्या कार्यालयाने लेखी नियमांनुसार घ्यावा. आणि पोस्ट-डॉक्टरल सेवेची वर्षे पुढील नेमणुकीत सेवाकाल म्हणून मोजली जावीत. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या सुधारणेस मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती संशोधन हे काम आहे, हे एकदा स्पष्टपणे मान्य करण्याची. रानडे यांची शिष्यवृत्ती ज्या सहजतेने थांबविता आली, तितक्या सहजतेने आज कोणाचीही थांबविता येऊ नये, इतके जरी साध्य झाले तरी दक्षिणेपासून सुरू झालेला हा दीर्घ प्रवास हक्काच्या मुक्कामापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.